पायाखालचे झाड



मागच्या सत्रात एके दिवशी कक्षा सहावीचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांची तासिका आम्ही घेतली. वर्गात जाऊन एकच प्रश्न विचारला, "झाड म्हणजे काय?" उत्तरे भराभर आली. जे उंच असते ते. ज्याच्यावर चढता येते ते. ज्याच्याखाली सावली पडते ते. एकाने आपल्या शाळेच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे बोट दाखवले आणि तो गप्प बसला. आम्हाला त्याचेच उत्तर सगळ्यांत बरे वाटले.

मग आम्ही विचारले, केळ हे झाड आहे का? सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणाला. तिथेच आम्ही सगळे फसतो. केळ दहा-पंधरा फूट उंच होते, तिच्या पानाची सावली पडते, पण तिच्या बुंध्यात लाकूड नसते. आपण ज्याला बुंधा म्हणतो ती पानांच्या रुंद देठांची एकावर एक बसलेली घट्ट गुंडाळी असते. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत केळ ही शाक आहे, कोथिंबिरीच्या जातकुळीतली नव्हे पण तिच्या वर्गातली. आणि दुसऱ्या टोकाला अशीही एक वनस्पती आहे की जिची उंची तुमच्या करंगळीहून कमी, पण अंगात खरेखुरे लाकूड, लाकडात वार्षिक वलये, वय चाळीस, पन्नास आणि त्याहून पुष्कळ अधिक. या वनस्पतीची गोष्ट आज सांगायची आहे. तिच्याशी आमची ओळख झाली ती आमच्याच एका चुकीतून, म्हणून तीही सांगू.

ही वनस्पती म्हणजे बुटका विलो. विलो हे नाव क्रिकेटमुळे तुम्हाला ठाऊक आहे. बॅट ज्या लाकडाची होते तो उंच, नदीकाठी वाढणारा विलो. हिंदीत त्याच्या कुळाला बेद म्हणतात, आणि पाण्यावर केस सोडून वाकलेला जो शोभेचा विलो बागेत लावतात त्याला मजनूँ. संस्कृतात वेतस म्हणतात. आणि मराठीला या कुळाचे स्वतःचे नाव आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठाला याच कुळाचे एक झाड वाढते, त्याला तिकडची मंडळी वाळुंज म्हणतात. आमचे स्वतःचे शिक्षण सगळे हिंदी माध्यमातून झाले. 'शाक, क्षुप, वृक्ष' आणि 'वार्षिक वलय' हे शब्द आम्ही हिंदी पुस्तकांतून शिकलो. घरी आई 'झाड' म्हणायची तेव्हा तिच्या मनात पिंपळ असायचा, आणि शाळेच्या हिंदी पुस्तकात 'झाड़' म्हणजे काटेरी झुडूप असायचे. (इंदूरच्या बोलीतल्या हिंदीत मात्र झाड़ म्हणजे झाडच. हा आपल्या मराठी शेजाराचा परिणाम असावा अशी आमची समजूत आहे.) बुटका विलो नेमका या दोन शब्दांच्या मधोमध बसतो.

विलोच्या कुळाला लॅटिनमध्ये सॅलिक्स म्हणतात. या कुळात शेकडो जाती आहेत, आणि त्यांतल्या काही जाती जिथे इतर झाडे वाढूच शकत नाहीत अशा थंड जागी जमिनीसरपट राहतात. युरोपातल्या सर्वांत प्रसिद्ध जातीचे नाव सॅलिक्स हर्बेशिया. आल्प्स, स्कॉटलंड, नॉर्वे-स्वीडनचे डोंगर, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडाचा पूर्व भाग, इतक्या ठिकाणी ती आढळते. उंची एक ते सहा सेंटिमीटर. फांद्या जवळजवळ सगळ्या मातीखाली. वर डोकावतात ती डहाळीच्या टोकाची दोन-चार गोल चकचकीत पाने, आपल्या जुन्या चार आण्यांएवढी किंवा त्याहून लहान. लिनियस हा स्वीडिश शास्त्रज्ञ १७३२ साली लॅपलंडच्या प्रवासाला गेला, तेव्हा त्याने ही वनस्पती पाहिली आणि १७३७ सालच्या आपल्या ग्रंथात तिला सगळ्या झाडांतले सर्वांत लहान झाड म्हटले. पुढे १७५३ साली नाव देताना मात्र त्यानेच 'हर्बेशिया', म्हणजे शाकासारखी, असे नाव दिले. एवढ्या मोठ्या माणसाचीही झाड म्हणावे की शाक म्हणावे अशी ओढाताण झाली, याचे आम्हाला मोठे समाधान वाटते. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला क्षुपांत घालतात.

आपल्या हिमालयातही या बुटक्या विलोचे भाऊबंद आहेत. त्यांपैकी एक सॅलिक्स लिंडलेयाना. पाकिस्तान, काश्मीरपासून गढवाल, नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि पुढे चीनच्या नैर्ऋत्य डोंगरांपर्यंत तिचा पसारा आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांच्या संग्रहातून ती विद्वानांपुढे आली आणि जॉन लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नाव पडले. पाने लांबट, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, वरून तुकतुकीत. फांद्या जमिनीला चिकटून पसरतात आणि जिथे माती मिळेल तिथे मुळे सोडतात. फुलांचा तुरा इवलासा, लालसर. पपईप्रमाणे विलोतही नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. बिया कापसासारख्या तंतूंत गुंडाळलेल्या, वाऱ्यावर उडून जाणाऱ्या, पण अल्पायुषी. काही दिवसांत ओलसर माती मिळाली तर रुजल्या, नाही तर गेल्या.

आता आमची चूक. २०११ च्या जून महिन्यात आम्ही कक्षा नववी आणि दहावीच्या मुलांना घेऊन हरिद्वार, जोशीमठ, गोविंदघाट, घांघरिया असे गेलो होतो. तेव्हा आम्ही प्राचार्य नव्हतो, जीवशास्त्र शिकवीत होतो. घांघरियाहून एक वाट फुलांच्या घाटीकडे जाते. फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती १९३१ साली कामेट शिखरावरून उतरताना ज्या खोऱ्यात पोहोचले तेच हे खोरे. दुसरी वाट हेमकुंडाकडे चढते. आम्ही दुसऱ्या दिवशी हेमकुंडाची वाट धरली. खालचे देवदार-रागा मागे पडले, मग भूर्जपत्राची झाडे आली. होय, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत तेच भूर्ज. मुलांनी सालीला हात लावून पाहिला. मग वाकडेतिकडे बुरांस, आणि त्यानंतर झाडे एकदम संपली. रेघ मारल्यासारखी संपली. पुढे गवत, दगड आणि जिथे तिथे बर्फाचे ढीग.

बर्फाच्या एका ढिगाच्या कडेला आम्ही विसावलो. खडकावर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखे काहीतरी होते, मुले त्यावरच बसली. आम्ही वाकून पाहिले तेव्हा लालसर तुरे दिसले, आणि पुस्तकात पाहिलेले चित्र आठवले. आम्ही मोठ्या उत्साहाने ओरडलो, "उठा, उठा, तुम्ही जंगलावर बसला आहात!" मुले हसली. एका मुलाने विचारले, "सर, एक नमुना घेऊ?" एक मुलगी म्हणाली, "सर, खाली पाटी होती, काही तोडू नका म्हणून." आम्ही म्हटले, एवढ्या मोठ्या डोंगरात एक फांदी गेल्याने काय होणार आहे, घे. त्याने ओढली. फांदी निघेना. त्याने जोर केला आणि हातभर लांबीचे खोड मुळांसकट उपटून आले, बोटभर उंचीच्या झाडाचे हातभर खोड. सतरंजीला तेवढी भेग पडली आणि खालचा दगड उघडा पडला. कोणी काही बोलले नाही. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आम्ही वर गेलो.

इंदूरला परत आल्यावर ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेत त्या खोडाचे काप घेतले. जाडी पेन्सिलीहून थोडी कमी, सहा मिलिमीटर असेल. ब्लेडने पातळ काप, सॅफ्रानिनचा लाल रंग, काचपट्टी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. पाटीची आठवण करून देणारी तीच मुलगी मोजायला बसली. पंधरा, वीस, तीस. तिला खरे वाटेना, तिने पुन्हा मोजले. चाळिसाच्या पुढे वलये इतकी दाट होती की तिची आणि आमची मोजदाद जुळेना. आम्ही त्या वर्षी एक्केचाळीस वर्षांचे होतो. आमच्याच वयाचे एक झाड आम्ही अर्ध्या मिनिटात उपटायला सांगितले होते.

हिशोब करून पाहा. सहा मिलिमीटर व्यासाच्या खोडात मध्यापासून सालीपर्यंत तीन मिलिमीटर. त्यात चाळीस वर्षे. म्हणजे एका वर्षाचे लाकूड मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सात-आठ भाग, आपल्या डोक्याच्या केसाएवढे जाड. सागाचे किंवा आंब्याचे एका वर्षाचे लाकूड याच्या कितीतरी पट असते. पूर्व ग्रीनलंडमध्ये याच कुळातल्या आर्क्टिक विलोच्या एका खोडात २३६ वलये मोजली गेली आहेत. आणि हे झाले एका खोडाचे. हे विलो जमिनीखाली पसरत राहतात, जुना भाग मरतो, नवा पुढे सरकतो. आल्प्समधल्या सॅलिक्स हर्बेशियाची अशी एकेक वसाहत, एकाच बीजातून आलेली, कित्येक शतकांची असल्याचे दिसून आले आहे.

आता मुख्य प्रश्न. त्या वाटेवर झाडे एकदम का संपली, आणि हे बुटके झाड तिथे कसे टिकले? पुष्कळ जण म्हणतील, वर थंडीत झाडांना अन्न तयार करता येत नसेल. आम्हीही अनेक वर्षे हेच शिकवत आलो. ते बरोबर नाही. पाने शून्याच्या थोड्या वर, चार-पाच अंशांतही प्रकाशसंश्लेषण करतात. साखर तयार होते. अडते ते पुढच्या पायरीवर. साखरेपासून नव्या पेशी बांधणे, लाकूड बांधणे, हे काम पाच अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. विटा आहेत, सिमेंट आहे, पण गवंडी गारठून बसला आहे, अशी ही स्थिती. स्वित्झर्लंडमधील बासेलचे क्रिस्टियन कॉर्नर यांनी जगभरच्या पर्वतांवर झाडांच्या रेषेजवळ जमिनीत तापमापके पुरून असे पाहिले की विषुववृत्तापासून उत्तरेपर्यंत सगळीकडे ही रेषा साधारण एकाच तापमानाशी येते. वाढीच्या दिवसांतले सरासरी सहा-सात अंश. त्याखाली तापमान गेले की उंच झाड उभे राहत नाही.

मग पाच सेंटिमीटरचे झाड कसे उभे राहते? कारण ते उभे राहतच नाही. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याचे तापमान हवेइतकेच राहते. डोंगर चढताना दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. आपले इंदूर सुमारे साडेपाचशे मीटरवर. चार हजार मीटरवर हवा इथल्याहून बावीस-तेवीस अंशांनी थंड. पण जमिनीलगत, खडकाला टेकून, वारा फार शिरत नाही. उन्हाने दगड आणि माती तापतात आणि ती ऊब चार बोटांच्या थरात अडकून राहते. स्वच्छ उन्हाच्या दुपारी अशा सरपट वनस्पतींची पाने हवेपेक्षा दहा अंश किंवा त्याहूनही अधिक गरम होऊ शकतात. म्हणजे हेमकुंडाच्या वाटेवर आमच्या नाकाशी जी हवा होती ती त्या विलोसाठी नव्हतीच. तो आमच्या बुटांच्या पातळीवरच्या दुसऱ्याच हवामानात जगत होता.

हे तुम्हाला इथेही पाहता येईल. डिसेंबरात, निरभ्र दुपारी, वारा नसताना, मैदानावरच्या आखूड गवतात एक तापमापक असा ठेवा की त्याच्या फुग्यावर कागदाची लहानशी छपरी राहील. दुसरा आपल्या डोक्याच्या उंचीला, सावलीत टांगा. दहा मिनिटांनी दोन्ही वाचा. मग पंखा किंवा पुठ्ठ्याने गवतावर जोरात वारा घाला आणि पुन्हा वाचा. वहीत तिन्ही आकडे लिहून आणा, कक्षा नववीच्या मुलांनी तर अवश्य.

दुसरी ऊब बर्फाची. हे ऐकून लहान मुले हसतात, पण खरे आहे. जाड बर्फात हवा अडकलेली असते, रजईतल्या कापसासारखी. वर हवा उणे वीस असली तरी जाड बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास राहते. हिवाळाभर विलो या रजईत झोपतो. उन्हाळ्यात बर्फ वितळले की त्याला जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात पाने, तुरे, बिया, आणि पुढच्या वर्षीच्या कळ्यासुद्धा. म्हणून बर्फ केव्हा वितळते यावर त्याचे सगळे अवलंबून असते. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होसजवळ संशोधकांनी सॅलिक्स हर्बेशियावर काही वर्षे नजर ठेवली आणि २०१४ ते २०१६ या काळात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याला वाटेल, बर्फ लवकर वितळले तर वाढीला दिवस जास्त मिळतील, झाड खूश होईल. तसे झाले नाही. रजई लवकर निघाली, कोवळी पाने बाहेर आली आणि मागून आलेल्या गारठ्याने ती करपली. किडीची आणि बुरशीची इजाही वाढली. तापमान वाढत चालले आहे, डोंगरांवर बर्फ लवकर जाऊ लागले आहे. त्यात खालची उंच झुडपे वर सरकली तर त्यांच्या सावलीत हा विलो राहू शकत नाही, त्याला मोकळे ऊन लागते. तो वर सरकेल म्हणावे, तर डोंगराला शिखरापुढे जागा नाही.

या छोट्या पानांनी शास्त्रज्ञांना आणखी एक मोठी गोष्ट सांगितली आहे. १८७० साली आल्फ्रेड नाथोर्स्ट या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाला स्वीडनच्या अगदी दक्षिणेला, जिथे आज गव्हाची शेते आहेत, तिथल्या चिकणमातीत बुटक्या विलोची पाने सापडली. थंड डोंगरावरचे झाड सपाट शेताच्या मातीत कसे? तर कधीकाळी तिथेही तशीच थंडी होती. हिमयुग होऊन गेल्याचा हा झाडाने दिलेला साक्षीपुरावा ठरला. अशा जुन्या पानांवरची सूक्ष्म छिद्रेही मोजली गेली आहेत. हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर पानाला जास्त छिद्रे लागतात. हिमयुगात हा वायू हवेच्या दहा लाख भागांत १८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

विलोच्या सालीपासून ॲस्पिरिनपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात येते, ती इथे परत सांगत नाही. इतकेच लक्षात ठेवा की सॅलिसिलिक या नावातला 'सॅलि' हा याच सॅलिक्सचा.

आता त्या मुलीकडे परत येऊ. २०११ च्याच डिसेंबरात अर्धवार्षिक परीक्षा झाली. कक्षा नववीला प्रश्न होता, शाक आणि वृक्ष यांतील फरक लिहा. आदर्श उत्तरात पहिलाच मुद्दा उंचीचा होता. तिने उंचीबद्दल एक अक्षर लिहिले नाही. लाकूड, वार्षिक वलये, आयुष्य असे मुद्दे लिहिले, आणि खाली केळ आणि विलो ही दोन उदाहरणे दिली. उत्तरपुस्तिका आमच्याकडेच तपासायला होत्या. आम्ही एक गुण कापला. ज्या हातांनी तिच्या शेजारी बसून वलये मोजली त्याच हातांनी. आदर्श उत्तर समोर असले की डोळे त्याच्याशीच ताडून पाहतात, ही मास्तरांची जुनी खोड आहे. ती उत्तरपुस्तिका घेऊन आली, वाद घातला नाही, फक्त म्हणाली, "सर, मग ते झाड कशात धरायचे?" आम्ही तो गुण दिला आणि बाकी सगळ्या उत्तरपुस्तिका पुन्हा काढल्या. आणखी दोन मुलांनी केळीचे उदाहरण बरोबर दिले होते, त्यांचेही गुण वाढले. पुढच्या वर्षापासून आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न 'उंचीचा आधार न घेता' अशा शब्दांसह येतो. तो शब्दप्रयोग कुठून आला असे पालक अनेकदा विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिले.

त्यानंतर आपल्या शाळेच्या सहली दोनदा हिमालयात गेल्या. नमुना म्हणून काही आणायचे नाही, चित्र काढायचे किंवा फोटो घ्यायचा, असा नियम झाला. पालकांच्या संमतिपत्रावर तो लिहिलेला असतो.

ती काचपट्टी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उजवीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, निळ्या डबीत आहे. सॅफ्रानिनचा रंग आता पुष्कळ फिका झाला आहे, तरी तिसापर्यंत वलये सहज मोजता येतात. ज्यांना पाहायची असेल त्यांनी शनिवारी शेवटच्या तासिकेनंतर यावे. येताना आपापली वही आणावी आणि मोजलेला आकडा, कमी असो वा जास्त, तारखेसह डबीतल्या कागदावर लिहून ठेवावा.